व्यापारी प्रदर्शनासाठी खास स्टॉल: आराखडा, बांधणी आणि उभारणी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रदर्शनात पहिल्यांदाच स्वतंत्र स्टॉल बांधून घेणाऱ्या संस्था साधारणपणे जे प्रश्न विचारतात, ते येथे कामाच्या क्रमाने दिले आहेत. या सर्व उत्तरांमागे स्टॉल बांधून देणारे म्हणून आमची एक धारणा आहे: पाहुण्याने स्टॉलवर येऊन नेमके काय करावे हे ठरल्याशिवाय कागदावर पहिली रेघ ओढू नये. भिंती, दिवे, पडदे आणि पाट्या यांचे निर्णय त्या एका उत्तरावर अवलंबून असतात.

तयार स्टॉल आणि खास बांधलेला स्टॉल यांत नेमका फरक काय?

आयोजक जागा साधारणपणे दोन प्रकारे देतात. पहिल्या प्रकाराला शेल स्कीम म्हणतात. त्यात ३ मीटर बाय ३ मीटर किंवा त्याच्या पटीतील जागा, अॅल्युमिनियमच्या खांबांत अडकवलेली सुमारे अडीच मीटर उंचीची पॅनेल, वर संस्थेच्या नावाची पट्टी, खाली कार्पेट, एक टेबल, दोन-तीन खुर्च्या, काही दिवे आणि विजेचा एक पॉइंट मिळतो. दुसऱ्या प्रकाराला रॉ स्पेस किंवा मोकळी जागा म्हणतात आणि त्यात जमिनीवर आखलेल्या चौकोनापलीकडे काहीही मिळत नाही. भिंती, मंच, वीजवाटप, सामानाची खोली, रोजची झाडलोट आणि शेवटी सर्व काढून जागा होती तशी परत करणे ही सारी जबाबदारी स्टॉलधारकाची असते. खास स्टॉल बांधला जातो तो या दुसऱ्या प्रकारच्या जागेत.

आम्हाला खास स्टॉलची खरोखरच गरज आहे का?

प्रत्येक वेळी नसते. आपले उत्पादन टेबलावर मावते, पाहुण्याशी बोलणे पाच मिनिटांत संपते आणि प्रदर्शनात आपण पहिल्यांदाच जात आहोत, अशी स्थिती असेल तर शेल स्कीममध्ये चांगली छपाई आणि दोन नेमके दिवे लावूनही काम होते, आणि आम्ही तसा सल्ला देतो.

गरज केव्हा निर्माण होते हे समजण्यासाठी आधुनिक व्यापारी प्रदर्शनाचे मूळ पाहणे उपयोगी ठरते. जर्मनीतील लाइपझिग येथे १८९५ मध्ये नमुन्यांची जत्रा भरू लागली. त्याआधी व्यापारी गाड्या भरून माल आणत आणि तिथेच विकत असत. आता ते केवळ नमुना दाखवून मागणी नोंदवू लागले. माल समोर नसताना खरेदीदाराचा विश्वास बसवणे हे काम तेव्हापासून जागेवर, मांडणीवर आणि तिथे उभ्या असलेल्या माणसावर येऊन पडले. म्हणून ज्या वस्तूचा विश्वास ती चालताना पाहिल्याखेरीज बसत नाही, जिच्यासाठी शांतपणे बसून बोलावे लागते किंवा जी तीन मीटरच्या चौकोनात मावतच नाही, तिच्यासाठी खास स्टॉल योग्य ठरतो. शेजाऱ्याचा स्टॉल मोठा आहे हे कारण पुरेसे नाही.

डिझायनरला सुरुवातीला कोणती माहिती द्यावी?

जागेचा क्रमांक, हॉलचा नकाशा आणि आयोजकांची नियमपुस्तिका या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी द्याव्यात. त्यानंतर दाखवायच्या वस्तूंची यादी लांबी, रुंदी, उंची, वजन आणि लागणारी वीज यांसह द्यावी. एका वेळी स्टॉलवर आपले किती सहकारी असतील, किती जणांशी बसून बोलावे लागेल, ती चर्चा इतरांच्या कानांपासून दूर हवी का, माहितीपत्रके आणि सहकाऱ्यांच्या पिशव्या किती जागा व्यापतील हेही लिहून द्यावे. हे तपशील क्षुल्लक वाटतात, पण सामानाची खोली विसरल्यामुळे चांगल्या स्टॉलच्या मागच्या भिंतीशी खोक्यांची रास लागलेली आम्ही अनेकदा पाहिली आहे.

खर्चाची मर्यादा सांगण्यास पुष्कळ जण कचरतात. ती सांगितली नाही तर डिझायनर अंदाजाने आराखडा करतो, तो परवडत नाही, मग त्यातील एकेक घटक कापला जातो आणि शेवटी मूळ कल्पनेचा सांगाडा तेवढा उरतो. आकडा आधी कळला तर त्याच रकमेत पूर्ण वाटणारी रचना करता येते.

जागा निवडताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात?

किती बाजू मोकळ्या आहेत हे सर्वांत आधी पाहावे. रांगेतील जागेला एकच बाजू मोकळी असते, कोपऱ्याच्या जागेला दोन, रांगेच्या टोकाला असलेल्या जागेला तीन आणि चारही बाजूंनी वाट असलेल्या जागेला आयलंड म्हणतात. बाजू जितक्या अधिक मोकळ्या तितकी भिंत कमी, त्यामुळे छपाईला जागा कमी आणि विजेच्या तारा लपवण्याची अडचण जास्त. आयलंड मिळाले म्हणून आनंदलेल्या ग्राहकाने चारही बाजूंना उंच भिंती मागाव्यात हे आम्हाला नेहमीच खटकते. कित्येक आयोजक तर वाटेलगतच्या बाजूचा ठरावीक भाग मोकळा ठेवण्याची अटच घालतात.

नकाशावर न दिसणाऱ्या गोष्टींची चौकशी करावी: जागेच्या मध्ये हॉलचा खांब येतो का, अग्निशमनाची पेटी लगत आहे का, छताची मोकळी उंची किती आहे, विजेची जोडणी जमिनीतील चरातून येते की वरून. हॉलच्या मुख्य दारासमोरची जागा सर्वांना हवी असते, पण आत शिरताना माणसे वेगात असतात आणि दाराजवळ फारशी थांबत नाहीत. आमच्या मते मुख्य वाट जिथे वळते किंवा दोन वाटा जिथे मिळतात, तिथली जागा अधिक उपयोगाची असते.

काम किती आधी सुरू करावे?

मध्यम आकाराच्या स्टॉलसाठी किमान तीन महिने आणि दुमजली किंवा परदेशी जाणाऱ्या स्टॉलसाठी सहा महिने हाताशी असावेत. प्रत्यक्ष सुतारकामाला यातला थोडाच काळ लागतो. उरलेला काळ आराखड्यावरील निर्णय, आयोजकांची मंजुरी, छपाईच्या मजकुराची अखेरची तपासणी आणि वाहतूक यांत जातो. मजकूर हमखास उशिरा येतो, म्हणून त्याची तारीख आराखड्याच्या तारखेइतकीच गांभीर्याने ठरवावी.

चांगल्या मांडणीची सुरुवात कुठून होते?

जमिनीच्या नकाशापासून. समोरून स्टॉल कसा दिसेल हे चित्र मोहक असते, पण माणूस स्टॉलवर पायांनी येतो. वाटेवरून जाणाऱ्याकडे निर्णय घ्यायला काही क्षण असतात. तेवढ्यात त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: ही संस्था काय करते, त्यात माझ्या कामाचे काही आहे का, आणि आत जायला कुठून वाट आहे. यातली तिसरी गोष्ट बहुतेक आराखड्यांत राहून जाते. समोरच्या कडेवर मधोमध ठेवलेले स्वागताचे काउंटर हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. त्यामागे दोन सहकारी उभे राहतात, समोर पाहुणा उभा राहतो आणि आतली सगळी मांडणी त्या तिघांच्या आड जाते. तेच काउंटर एका बाजूला दीड-दोन मीटर आत सरकवले, की मधली जागा मोकळी होते आणि पाहुणा विचारपूस होण्याआधीच चार पावले आत आलेला असतो.

नकाशावर तीन पट्टे कल्पावेत. वाटेलगतचा पट्टा चालता चालता पाहणाऱ्यासाठी असतो, म्हणून तिथे हलणारी, हाताळता येणारी किंवा आकाराने ठसठशीत वस्तू असावी. मधला पट्टा थांबून विचारणाऱ्यासाठी असतो. तिथे प्रात्यक्षिक आणि उभ्याने बोलण्याची उंच टेबले शोभतात. सर्वांत आतला पट्टा बसून व्यवहार करणाऱ्यांसाठी राखावा. या तिन्हींचे प्रमाण पाहुण्याने स्टॉलवर काय करावे या सुरुवातीच्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. ज्यांना शेकडो नव्या लोकांच्या नोंदी हव्या असतात त्यांचा पहिला पट्टा रुंद असावा, आणि ज्यांचे मोजकेच, पण मोठे ग्राहक आधी वेळ ठरवून भेटायला येतात त्यांनी जागेचा मोठा भाग निःसंकोचपणे बैठकीला द्यावा.

सहकाऱ्यांच्या संख्येचाही जागेशी संबंध आहे. मोकळ्या जागेच्या प्रत्येक चार ते पाच चौरस मीटरला एक सहकारी हे ढोबळ प्रमाण आम्ही वापरतो. त्याहून अधिक माणसे उभी राहिली, तर स्टॉल बाहेरून आधीच भरलेला दिसतो आणि पाहुणा पुढे निघून जातो.

थ्रीडी चित्रात दिसणारा स्टॉल प्रत्यक्षात वेगळा का वाटतो?

याची कारणे चित्र काढण्याच्या पद्धतीत आहेत. चित्रातला कॅमेरा अनेकदा तीन-चार मीटर उंचीवर आणि शेजारच्या भिंती गायब करून ठेवलेला असतो. तिथे उभे राहून स्टॉल पाहणारा माणूस जगात कुठेही नसतो. चित्रातली पार्श्वभूमी हॉलपेक्षा अंधारी दाखवलेली असते, त्यामुळे आपले दिवे झळाळतात. प्रत्यक्षात हॉलचे दिवे दिवसभर चालू असतात. शिवाय चित्रात तारा, प्लग, कचऱ्याचे डबे, पाण्याच्या बाटल्या आणि गर्दी नसते.

त्यामुळे मंजुरी देण्यापूर्वी डोळ्यांच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे दीड मीटरवरून, वाटेच्या दोन्ही दिशांनी येताना स्टॉल कसा दिसेल अशी चित्रे मागावीत. शेजाऱ्यांच्या भिंती पूर्ण उंचीच्या दाखवायला सांगाव्यात आणि स्टॉलमध्ये खऱ्या मापाची दहा-बारा माणसे उभी करायला सांगावीत. एवढ्याने बहुतेक भ्रम दूर होतात.

पाट्यांवर किती आणि किती मोठ्या अक्षरांत लिहावे?

अक्षराच्या उंचीचा एक जुना आणि भरवशाचा ठोकताळा असा की तीन मीटर अंतरावरून सहज वाचण्यासाठी अक्षर किमान २५ मिमी उंच असावे. बारा मीटरवरून वाचायचे नाव त्यामुळे किमान १०० मिमी उंचीचे लागते, आणि गर्दीत उठून दिसण्यासाठी त्याहून मोठे. मुख्य नाव जमिनीपासून दोन मीटरच्या वर ठेवावे, कारण त्याखालचे सगळे माणसांच्या डोक्यांआड जाते. एक मीटरच्या खाली मजकूर लिहिणे व्यर्थ आहे.

देवनागरी अक्षरे कापून भिंतीवर उठावात लावायची असल्यास तिचे दोन विशेष लक्षात ठेवावेत. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध तुकड्यात कापता येतो, ही मोठी सोय आहे. पण अनुस्वार सुटा पडतो आणि हाताळणीत हरवतो. त्यासाठी मागे पारदर्शक अॅक्रिलिकचा पत्रा लावून त्यावर शब्द चिकटवणे चांगले. वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असल्याने दोन ओळींमध्ये रोमन लिपीपेक्षा अधिक अंतर ठेवावे लागते.

मोठ्या छपाईसाठी प्रत्यक्ष आकारात प्रति इंच १०० बिंदूंच्या आसपास घनता बहुधा पुरते. पडद्यावर दिसणारा रंग छपाईत तसाच उतरेल असे मानू नये. निवडलेल्या कापडावर किंवा विनाइलवर छापलेला हातभर नमुना मागवून तो स्टॉलवर लागणार आहेत त्याच दिव्यांखाली पाहावा.

प्रकाशयोजनेत काय महत्त्वाचे?

हॉलचा सर्वसाधारण प्रकाश सपाट असतो, म्हणून फरक निर्माण करणे हे आपल्या दिव्यांचे काम आहे. सगळा स्टॉल सारखाच उजळवण्यापेक्षा वस्तूवर भोवतालच्या कित्येक पट प्रकाश टाकावा. रंग अचूक दिसणे गरजेचे असेल तर रंगदर्शनाचा निर्देशांक (सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचे माप) ९० किंवा त्याहून अधिक असलेले दिवे घ्यावेत. बैठकीच्या भागात ३००० केल्विनचा उबदार आणि यंत्रांजवळ ४००० केल्विनचा स्वच्छ पांढरा प्रकाश योग्य वाटतो, मात्र एकाच भिंतीवर दोन्ही छटा पडू देऊ नयेत. उंचावरील प्रत्येक दिव्याला मुख्य पकडीखेरीज सुरक्षेची तार असलीच पाहिजे.

भिंतींसाठी कोणते साहित्य निवडावे?

प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) ही सुतारांच्या हातची जुनी साधने आहेत. त्यांपासून कोणताही आकार करता येतो आणि त्यावर रंग, लॅमिनेट किंवा विनाइल चढवता येते. त्यांचा दोष वजनाचा आहे. आठ फूट बाय चार फुटांची १८ मिमी जाडीची एमडीएफची एक शीट साधारण ४० किलो भरते. अशा वीस शीटची भिंत चढवणारी, उतरवणारी माणसे आणि ती वाहणारी गाडी यांचा हिशेब खर्चात दरवेळी धरावा लागतो.

दुसरा मार्ग अॅल्युमिनियमच्या चौकटीवर ताणलेल्या कापडाचा. छापलेल्या कापडाच्या चारही कडांना सिलिकोनची पट्टी शिवलेली असते. ती चौकटीच्या खाचेत बोटांनी दाबत नेली की कापड ताणून बसते. कापडाची घडी पिशवीत मावते, मागून एलईडी लावून भिंत उजळवता येते आणि पुढच्या प्रदर्शनात तीच चौकट ठेवून केवळ कापड बदलता येते. कापडाला भिंतीचा मान देण्याची ही कल्पना नवी नाही. १९२७ मध्ये बर्लिनमधील एका प्रदर्शनात डिझायनर लिली राइश आणि वास्तुविशारद मीस व्हान डेर रोह यांनी वाकवलेल्या चकचकीत नळ्यांवरून रेशीम आणि मखमल सोडून अख्खे उपाहारगृह विभागले होते. तिथे प्रदर्शनाचा विषय असलेले कापड हीच वास्तू झाली होती, आणि दाखवायच्या वस्तूतूनच स्टॉल घडवण्याचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हाला दुसरे आठवत नाही.

व्यवहारात दोन्हींचा मेळ घालावा. ज्या पृष्ठभागाला पाहुण्याचा हात लागतो तो काउंटर, टेबल आणि दार खऱ्या लाकडकामाचे असावे, आणि दुरून पाहायच्या मोठ्या भिंती कापडाच्या असाव्यात.

अग्निसुरक्षेच्या कोणत्या अटी असतात?

हॉलमध्ये हजारो माणसे आणि शेकडो तात्पुरत्या रचना एकत्र असतात, म्हणून या अटींत सवलत मागूच नये. युरोपातील हॉल साधारणपणे सहज पेट न घेणाऱ्या साहित्याचा, जर्मन मानकातील बी-१ हा वर्ग किंवा ईएन १३५०१ या मानकातील समकक्ष वर्ग मागतात, तर अमेरिकेत पडदे आणि कापडासाठी एनएफपीए ७०१ ही चाचणी मान्य आहे. प्रमाणपत्र वापरलेल्या मालाचेच असावे लागते आणि ते उभारणीच्या वेळी जागेवर हजर असावे लागते. आयत्या वेळी आणलेले साधे कापड, थर्मोकोलची अक्षरे आणि सुकलेले गवत या गोष्टींवरून निरीक्षक स्टॉल उघडण्यास हरकत घेऊ शकतात. स्टॉलला बंद छत असेल तर धूरसूचक आणि अग्निशामक यांच्या वेगळ्या अटी लागू होतात.

विजेची मागणी कशी नोंदवावी?

प्रत्येक उपकरणाचे वॉट लिहून बेरीज करावी आणि वर थोडी मोकळीक ठेवावी. या यादीत पाणी तापवण्याची किटली आणि कॉफीचे यंत्र विसरले जाते, वास्तविक त्यांतील एकेक उपकरण दोन किलोवॉटच्या घरात वीज ओढते आणि ते चालू होताच सगळा स्टॉल अंधारात जातो. पुष्कळ हॉलमध्ये रात्री वीज बंद करतात. फ्रिज, सर्व्हर किंवा सतत चालू ठेवायचे यंत्र असेल तर २४ तासांचा पुरवठा वेगळा नोंदवावा लागतो. तीन फेजची मोटर असलेल्या यंत्राच्या फिरण्याची दिशा जोडणीनंतर लगेच तपासावी, कारण दोन फेजची अदलाबदल झाली तरी ती उलटी फिरते.

जमिनीपासून उचललेला मंच घ्यावा की कार्पेट पुरे?

तारा आणि पाण्याच्या नळ्या लपवायच्या असतील तर सुमारे १०० मिमी उंचीचा मंच लागतो. नसतील तर तो टाळावा, कारण प्रत्येक पायरीवर कोणी तरी अडखळतेच. मंच घेतलाच तर कडा ठळक रंगाची करावी आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतार करावा. १:१२ या प्रमाणात १०० मिमी उंचीला १.२ मीटर लांबीचा उतार होतो आणि आत खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. उतार हा मुख्य प्रवेशाचाच भाग असावा. मागच्या कोपऱ्यातून येणारी वाट हा पाहुण्याचा अवमान आहे असे आम्ही मानतो.

टांगती रचना किंवा दुमजली स्टॉल करता येईल का?

हॉलची परवानगी असेल तर येईल. छतावरून टांगण्याचे काम बहुतेक हॉल स्वतःच्या अधिकृत रिगरकडूनच (टांगणीचे काम करणाऱ्या तंत्रज्ञाकडूनच) करून घेतात आणि त्यांना प्रत्येक टांगणबिंदूवर येणारा भार आधी कळवावा लागतो. बिंदू आपल्या सोयीच्या जागी नसतील तर खाली ट्रस (धातूच्या नळ्यांची जाळीदार तुळई) लावून भार वाटून घ्यावा लागतो.

दुमजली स्टॉलसाठी संरचना अभियंत्याची सही असलेली गणिते द्यावी लागतात. वरचा मजला प्रति चौरस मीटर ३ ते ५ किलोन्यूटन भार पेलणारा असावा अशी अट सामान्यतः असते, म्हणजे सुमारे ३०० ते ५०० किलो. वरचे क्षेत्र हॉलने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेले तर दुसरा जिना लागतो. दोन जिने, सामानाची खोली आणि खांब यांनी खालची किती जागा व्यापली हे मोजल्यावर अनेकांचा दुमजलीचा आग्रह आपोआप मावळतो.

जड यंत्र दाखवायचे असेल तर?

हॉलच्या जमिनीची भारक्षमता, मालाच्या दाराची रुंदी-उंची आणि फोर्कलिफ्टची वेळ या तीन गोष्टी आधी निश्चित कराव्यात. यंत्र सर्वांत आधी आत जाते आणि भिंती त्याच्याभोवती उभ्या राहतात. हा क्रम चुकला तर तयार भिंत पुन्हा उतरवावी लागते. आमच्या सुरुवातीच्या काळात आम्ही ती उतरवली आहे.

कारखान्यात पूर्ण स्टॉल एकदा उभा करून पाहणे आवश्यक आहे का?

होय, आणि या खर्चात कपात करू नये असे आम्ही आग्रहाने सांगतो. कारखान्यात दहा मिनिटांत दुरुस्त होणारी चूक हॉलमध्ये अर्धी रात्र खाते, कारण तिथे ना करवत असते, ना जादा माल. पूर्ण जोडणीच्या वेळी दिवे लावावेत, पडद्यांवर खरा मजकूर चालवावा, प्रत्येक दार उघडून पाहावे आणि खऱ्या उत्पादनाचा किमान एक नमुना जागेवर ठेवून पाहावा. त्यानंतर सुटे करताना प्रत्येक भागाच्या मागे क्रमांक घालावा आणि तोच क्रमांक जोडणीच्या नकाशावर लिहावा. भाग पेट्यांत भरताना शेवटी लागणारी वस्तू तळाशी आणि प्रथम लागणारी वर येईल असे पाहावे. अवजारे, जादा स्क्रू, जुळणारा रंग आणि सुटे दिवे यांची पेटी वेगळी, ठळक रंगाची असावी.

स्टॉल परदेशी नेताना काय सांभाळावे?

माल प्रदर्शनानंतर परत यायचा असेल तर एटीए कार्नेट हा कागद उपयोगी पडतो. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आधारलेल्या या व्यवस्थेत सामील देशांमध्ये आयातशुल्क न भरता माल तात्पुरता नेता येतो आणि कार्नेटची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. यादीतील प्रत्येक वस्तू परत आली पाहिजे. म्हणून वाटून संपणारी माहितीपत्रके, भेटवस्तू आणि खाद्यपदार्थ त्यात घालू नयेत.

लाकडी पेट्यांना आयएसपीएम १५ हा लाकडातून कीड पसरू नये यासाठीचा आंतरराष्ट्रीय नियम लागू होतो. उष्णताप्रक्रियेत लाकडाचा गाभा सलग ३० मिनिटे ५६ अंश सेल्सिअसवर ठेवलेला असावा लागतो आणि पेटीवर तसा शिक्का असावा लागतो. प्लायवूडसारखे प्रक्रिया केलेले लाकूड यातून वगळलेले आहे, तरी त्याच पेटीखालच्या साध्या लाकडाच्या पट्ट्या वगळलेल्या नाहीत आणि नेमक्या त्यांमुळेच माल बंदरावर अडकतो.

आणखी एक माप आराखड्याच्या वेळीच पाहावे. साध्या उंचीच्या कंटेनरच्या दाराची मोकळी उंची सुमारे २.२८ मीटर असते, तर आठ फुटी पॅनेल २.४४ मीटरचे. ते उभे नेता येत नाही. आडवे ठेवावे लागते किंवा जास्त उंचीचा कंटेनर घ्यावा लागतो.

खर्च नेमका कशाकशावर होतो?

बांधणीच्या अंदाजपत्रकात लाकूडकाम, छपाई, दिवे, फर्निचर आणि मजुरी दिसते. त्याबाहेर जागेचे भाडे, वीज, पाणी, इंटरनेट, टांगणबिंदू, फोर्कलिफ्ट, रिकाम्या पेट्या ठेवण्याचे शुल्क, कंत्राटदाराचे प्रवेशपत्र, परत मिळणारी अनामत, विमा, वाहतूक आणि कामगारांचा मुक्काम हे सर्व येते. हॉलच्या सेवा ठरलेल्या तारखेनंतर मागितल्या तर दर वाढतात, म्हणून हे अर्ज वेळेवर भरणे ही बचतीची सर्वांत सोपी वाट आहे. दोन फॅब्रिकेटरची, म्हणजे स्टॉल बांधणाऱ्या कंत्राटदारांची, दरपत्रके ताडून पाहताना रचना आपल्या मालकीची होणार की भाड्याने दिली आहे, हे प्रत्येक ओळीसमोर लिहून घ्यावे. स्वस्त वाटणारे दरपत्रक बहुधा तिथे वेगळे निघते.

तोच स्टॉल पुन्हा वापरता येतो का?

पहिल्या आराखड्यातच तसा विचार केला असेल तर येतो. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनाची इमारत, क्रिस्टल पॅलेस, याचे उत्तम उदाहरण आहे. काचघरे बांधण्यात हात बसलेल्या जोसेफ पॅक्स्टन यांनी ती २४ फुटांच्या जाळीवर आखली. खांब, तुळया आणि काचा एकसारख्या मापांच्या ठेवल्या. म्हणून एवढी अवाढव्य इमारत वर्षाच्या आत उभी राहिली, आणि प्रदर्शनानंतर ती सुटी करून सिडनहॅम येथे अधिक मोठ्या रूपात पुन्हा उभारली गेली. तिथे ती १८५४ मध्ये खुली झाली.

आजच्या स्टॉललाही हेच तत्त्व लागू पडते. सर्व भिंती एका मीटरच्या किंवा ठरवलेल्या दुसऱ्या मापाच्या पटीत असतील, तर ३६ चौरस मीटरचा स्टॉल पुढच्या वेळी १८ मध्ये बसवता येतो. जोड खिळ्यांऐवजी बोल्ट किंवा कॅम लॉकचे (फिरवून घट्ट होणाऱ्या खटक्यांचे) असावेत. बदलणारा मजकूर कायम राहणाऱ्या चौकटीपासून वेगळा असावा. पृष्ठभागावरचे लॅमिनेट ओरखडे झाकणारे असावे, म्हणजे फार काळे किंवा फार चकचकीत नसावे. अशा स्टॉलचा पहिला खर्च अधिक येतो, आणि साठवणीची कोरडी जागाही लागते. वर्षाला एकच प्रदर्शन करणाऱ्यांनी हा हिशेब प्रामाणिकपणे करावा आणि गरज पडल्यास चौकटी भाड्याने घेऊन केवळ काउंटर आणि छपाई स्वतःची करावी.

उभारणीच्या वेळी आमच्यापैकी कोणी हजर असावे का?

शेवटच्या दिवशी निर्णय घेऊ शकणारी एकच व्यक्ती असावी. पाच जणांनी पाच सूचना दिल्या की कामगारांची रात्र वाया जाते. त्या व्यक्तीने आराखडा हातात घेऊन फॅब्रिकेटरच्या प्रमुखासोबत फेरी मारावी, उणिवा लिहून काढाव्यात आणि वाटेवर वीस पावले मागे जाऊन स्टॉल पाहावा. शुद्धलेखन त्याच वेळी पुन्हा वाचावे.

प्रदर्शन संपल्यावर काय करायचे असते?

सहकाऱ्यांनी नोंदी, लॅपटॉप आणि लहान नमुने सर्वांत आधी बाहेर न्यावेत, कारण प्रदर्शन बंद झाल्यानंतरच्या पहिल्या तासात चोरी सर्वाधिक सोपी असते. ठरलेल्या वेळेआधी आवराआवर सुरू करू नये. बहुतेक आयोजक त्यास मनाई करतात आणि शेवटच्या तासाला आलेला पाहुणाही आपलाच असतो. रिकाम्या पेट्या गोदामातून यायला वेळ लागतो, तोवर कापड उतरवून घड्या घालाव्यात आणि काचा बांधाव्यात. प्रत्येक भाग क्रमांकाप्रमाणे पेटीत गेला की मोडलेल्या, हरवलेल्या आणि पुन्हा रंगवायच्या भागांची यादी तिथेच करावी, कारण कारखान्यात पोहोचेपर्यंत ते कोणालाच आठवत नाही. जमिनीवरची चिकटपट्टी आणि तिचा गोंद पूर्ण काढून मोकळ्या जागेची छायाचित्रे घ्यावीत आणि हॉलच्या अधिकाऱ्याची सही मिळाल्यावरच निघावे. अनामत त्या सहीवर परत मिळते.